पाणी तापवा, खोली नको: नागपूरच्या हिवाळ्यात विजेचं बिल आटोक्यात ठेवताना

ऑक्टोबर सरता सरता नागपुरातल्या घराघरांत कूलर बंद होतात, एसीचा रिमोट कपाटात जातो आणि विजेचं बिल एकदम खाली येतं. आपल्याकडे खरं तर हिवाळा हा वर्षातला सगळ्यात स्वस्त काळ असायला हवा. तरी जानेवारीचं बिल हातात आल्यावर अनेकांना धक्का बसतो. तीन वर्षांपूर्वी तो मलाही बसला. मानेवाड्यात आमचं घर पहिल्या मजल्यावर, वर स्लॅब. घरात आई, आम्ही दोघं आणि मुलगी. नोव्हेंबरात १६५ युनिट आले होते, जानेवारीत ३९८. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आईचे गुडघे थंडीत आखडतात म्हणून डिसेंबरात दोन रॉडचा हीटर आणला होता. तो रोज संध्याकाळी तीन तास चालायचा. वर गिझर.

आईला थंडीत बसवून बिल वाचवायचं नव्हतंच. मग ऊब तेवढीच ठेवून युनिट कुठे कमी होतात, हे शोधायला बसलो. दोन हिवाळे मीटर, थर्मामीटर आणि वही घेऊन जे हाती लागलं, ते इथे क्रमानं देतो आहे. सांगायची मुख्य गोष्ट एकच. नागपूरची थंडी पहाटेची आणि रात्रीची आहे, दिवसाची नाही. डिसेंबरात पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास असतो, दुपारी २८ च्या. थंडीची लाट आली की रात्रीचा पारा आणखी कोसळतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ अंशांवर गेला होता. पण त्या लाटेतही आभाळ निरभ्र असतं आणि दुपारी ऊन पडतंच. ही दुपारची फुकटची ऊब रात्रीपर्यंत आणि पहाटेपर्यंत टिकवायची. विकतची ऊब फक्त पाण्याला आणि अंगाला द्यायची.

आधी मीटरपाशी उभे राहा

महावितरणच्या बिलाच्या मागच्या बाजूला किंवा खालच्या चौकटीत दराचे टप्पे दिलेले असतात. घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. दर बदलत राहतात, म्हणून आपल्या ताज्या बिलातलेच आकडे घ्या. पण १०० ओलांडल्यावर युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो, हे लक्षात ठेवा. एका युनिटची खरी किंमत काढायला वीज आकारात वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा आकार, मिळवायचा, इंधन समायोजन आकार असेल तर तोही, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार या हिशेबात धरू नका, तो वापरा न वापरा लागतोच.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, असं लोक सांगतात. तसं होत नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की गिझर आणि हीटरची युनिट घरच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, म्हणून ती नेहमी तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. वाचलेलं प्रत्येक युनिटही त्याच महाग टप्प्यातलं असतं. पुढच्या हिशेबासाठी मी युनिटला १२ रुपये धरले आहेत, तुम्ही तुमच्या बिलातला दर धरा.

आता प्रत्यक्ष मोजणी. एखाद्या रविवारी सकाळी घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा दहा मिनिटं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. मग फक्त गिझर सुरू करा आणि एक मिनिट मोजा. २००० वॉटचा गिझर असेल तर १०५ ते ११० वेळा दिवा लागेल. एकजण मीटरपाशी, एकजण घड्याळापाशी, असं दोघांनी केलं तर सोपं जातं. माझ्या मुलीनं सहावीत असताना हे मोजलं होतं आणि त्या दिवसापासून घरात गिझर बंद करायची आठवण तीच करते. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी वीज गळते आहे. हीटर-गिझरचं पुढचं काही करण्याआधी वायरमन बोलवा.

पाण्याचं गणित

एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला १.१६ वॉट-तास लागतात, आणि हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. गिझर कुठल्या कंपनीचा, किती महागाचा, यानं हा आकडा बदलत नाही. १५ लिटरची बादली १७ अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर साधारण ०.४ युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे रोजचं १.६ युनिट, महिन्याला ४८ युनिट, म्हणजे पावणेसहाशे रुपये. यात दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत. पाणी किती घ्यायचं, आणि ते तापायला लागण्याआधी किती गार असू द्यायचं.

पहिल्याबद्दल फार सांगायला नको. शॉवरखाली मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं, बादलीत हिशेब राहतो. हिवाळ्याचे दोन-अडीच महिने बादलीच बरी.

दुसरी गोष्ट मात्र आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि सगळ्यात जास्त बचत तिथेच आहे. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी रात्रभर उघड्या आभाळाखाली असते. संध्याकाळी भरलेली टाकी पहाटे सहाला अगदी गारठलेली असते. जमिनीखालचं पाणी मात्र वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं ते म्हणूनच. नागपूरच्या महाल वस्तीतल्या आमच्या जुन्या वाड्यात आजोबा पहाटे विहिरीवरच अंघोळ करायचे. थंडीत पोहऱ्यातून वाफ निघताना मी पाहिली आहे.

स्वयंपाकातला थर्मामीटर घेऊन मी एका पहाटे मोजलं. टाकीच्या नळाचं पाणी १६ अंश. बोअरची मोटर सुरू करून पाच मिनिटं वाहू दिल्यावर आलेलं पाणी २६ अंश. दहा अंशांचा फरक, तोही फुकट. १७ ऐवजी २६ अंशांपासून तापवायला सुरुवात केली तर बादलीला ०.४ ऐवजी ०.२५ च्या आत युनिट लागतं. चौघांचं महिन्याला १९ युनिट वाचतं, म्हणजे सव्वादोनशेच्या वर रुपये. मोटर तर दिवसात कधीतरी लावायचीच असते.

तेव्हा बोअर किंवा विहीर असेल तर मोटरची वेळ बदला. रात्री टाकी काठोकाठ भरून ठेवायची सवय हिवाळ्यापुरती सोडा. रात्री टाकीत गरजेपुरतं पाणी असू द्या आणि पहाटे अंघोळीच्या अर्धा तास आधी मोटर लावा. टाकी जितकी रिकामी, तितकं ताजं पाणी कमी गार होतं. फ्लॅट स्कीममध्ये असाल तर चौकीदाराला आणि सोसायटीच्या अध्यक्षांना एकदा समजावून सांगा. एका मोटरच्या वेळेनं वीस घरांचे गिझर कमी चालतात. महापालिकेचं पाणी, म्हणजे कन्हान आणि पेंचचं, तुमच्या वस्तीत पहाटे येत असेल तर थेट नळाचं पाणी बादलीत घ्या. तेही टाकीतल्या पाण्यापेक्षा बरंच कमी गार असतं.

टाकीवर जुनं पोतं, वर प्लॅस्टिक, आणि दोरीनं घट्ट आवळणं, एवढ्यानंही दोन-तीन अंश वाचतात. झाकण नीट बसतं ना, हे मात्र आधी बघा.

आणि ज्यांना घाईनं कामावर जायचं नाही, त्यांनी दुपारी अंघोळ करावी. काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोन-तीनला हाताला कोमट लागतं. आई आता अकरानंतर अंघोळ करते. आधी म्हणायची, "अंघोळीशिवाय देवपूजा कशी करू?" मग पूजेची वेळच पुढे सरकवली. आता अंगणात ऊन आलं की पितळेच्या घंगाळात पाणी भरून ठेवते, तासाभरानं त्यात जेमतेम एक तांब्या गरम पाणी घालावं लागतं.

गिझर कसा चालवायचा

साठवणीचा गिझर असेल तर त्याचं बटण अंघोळीच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं सुरू करा. १५ लिटरचं पाणी १७ वरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटच्या गिझरला एवढाच वेळ लागतो. त्यापुढे चालू ठेवलं तर गिझर मधूनमधून स्वतःच बंद-सुरू होत टाकी गरम ठेवत राहतो. जुन्या गिझरमध्ये दिवसभराचं असं अर्धं-पाऊण युनिट सहज जातं. महिन्याला २० युनिट, आणि अंघोळ एकाचीही नाही. आईनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिचा प्रश्न अगदी सरळ होता: "काहून चालू ठेवला रे दोन तासपासून? कोण न्हाऊन राहिलं आता?"

तेव्हापासून आमच्याकडे अंघोळी एकापाठोपाठ एक होतात. एक टाकी ६० अंशांवर तापली की गार पाणी मिसळून जवळपास दोन बादल्या होतात. म्हणून दोघं दोघं मिळून जातात, मधे तास-दीड तासाचं अंतर पडत नाही. गिझर आणि नळ यांच्यात लांब नळी असेल तर तिच्यात लिटर-दीड लिटर गरम पाणी अडकतं आणि प्रत्येक वेळी गार होऊन वाया जातं. अंतर ठेवलं नाही तर हा तोटाही एकदाच होतो.

तापमानाचं बटण अनेक गिझरना बाहेर असतं, काहींना झाकणाच्या आत. ते ५० अंशांवर आणलं तर उष्णता कमी झिरपते आणि क्षारही कमी बसतो. गिझर बरेच दिवस बंद असेल, गावाला जाऊन आला असाल, तर मात्र पहिल्या दिवशी ६० अंशांपर्यंत पूर्ण तापवून घ्या. कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

तात्काळ गिझर म्हणजे तीन लिटरचा, ३००० वॉटचा. तो पाणी साठवून ठेवत नाही, म्हणून साठवणीतला तोटा नाही. पण हिवाळ्यात त्याच्यातून मिनिटाला दोनच लिटर चांगलं गरम पाणी मिळतं. नळ पूर्ण सोडला की कोमट येतं आणि माणूस वैतागून आणखी पाणी सोडतो. धार बारीक ठेवून बादली भरा, सात-आठ मिनिटं लागतील. एक-दोन माणसांच्या घराला तो पुरतो. पाचजणांच्या घरात साठवणीचाच बरा.

क्षार ही नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांची मोठी डोकेदुखी. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या भागांत बोअरवर चालणाऱ्या घरांत गिझरच्या कॉइलवर दोन वर्षांत पांढरा थर चढतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, आतून कडकड आवाज येतो आणि एक दिवस कॉइल जळते. दोन वर्षांतून एकदा गिझर उघडून क्षार काढून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. बोअरचं कोमट पाणी आणि नळाचं मऊ पाणी, दोन्ही घरात वेगळं येत असेल तर गिझरमध्ये नळाचं घाला आणि बादलीत मिसळायला बोअरचं घ्या. दोन्हींचा फायदा मिळतो.

पाण्यात सोडायचा रॉड स्वस्त आहे. विजेच्या हिशेबात तो गिझरपेक्षा वाईटही नाही, कारण हवं तेवढंच पाणी तापतं. १५०० वॉटच्या रॉडनं एक बादली १६-१७ मिनिटांत तापते. पण माणसं याच रॉडनं दगावतात. आयएसआय शिक्का असलेलाच घ्या, मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा, आणि पाणी तापलं का ते बघायला आधी बटण बंद करा, प्लग काढा, मगच हात घाला. लहान मूल घरात असेल तर मी रॉड वापरू नका असंच सांगेन. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल तर या हिवाळ्याचा पहिला खर्च तोच करा. तो शॉक लागताच वीज तोडतो.

गॅसवर तापवलं तर?

हा हिशेब घरोघरी विचारला जातो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटइतकी उष्णता असते. शेगडीवर पातेलं ठेवलं की त्यातली निम्म्याहून थोडी जास्तच पाण्यात उतरते, बाकी बाजूनं निघून जाते. म्हणजे एक सिलिंडर बरोबर शंभर युनिट, असं धरून चाला. सिलिंडरच्या दराला १०० नं भागा. ९०० रुपयांचा असेल तर ९ रुपयांत एका युनिटइतकी ऊब. तुमचं बिल १०० युनिटच्या आत राहत असेल तर वीज स्वस्त, वर जात असेल तर गॅस स्वस्त. पातेल्यावर झाकण ठेवा, ज्वाला तळाच्या बाहेर जाऊ देऊ नका. आणि उकळलेलं पातेलं न्हाणीघरापर्यंत नेताना लहान मुलांना बाजूला करा.

गॅस गिझरमध्ये उष्णता आणखी चांगली उतरते, म्हणून तो त्याहूनही स्वस्त पडतो. पण तो बाथरूमच्या आत लावू नका. बंद न्हाणीघरात ज्वाला जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. असे मृत्यू दर हिवाळ्यात होतात. गिझर बाहेर, गॅलरीत किंवा उघड्या भिंतीवर, आणि आत फक्त पाण्याची नळी. तशी जागा नसेल तर गॅस गिझर घेऊच नका. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून झोपण्यालाही हेच लागू आहे.

खोली: कूलरची खिडकी बंद करा

आईच्या खोलीत हीटर तीन तास चालायचा आणि बंद केल्यावर अर्ध्या तासात खोली पुन्हा गार. एका रात्री दिवा मालवून मी खिडकीपाशी अगरबत्ती धरली. धूर सरळ वर जायला हवा होता, तो खोलीत आडवा आला. कूलरमधून वारा येत होता.

नागपुरात कूलर म्हणजे खिडकीचाच भाग. मार्चमध्ये बसवतो, पावसाळ्यात काढायचा कंटाळा येतो, आणि तो जानेवारीतही तिथेच असतो. तीन बाजूंनी जाळ्या, वाळलेल्या खसच्या ताट्या, आणि पुढे पंख्याचं दीड फुटाचं भोक. म्हणजे भर थंडीत आपण एक खिडकी रात्रभर उघडी ठेवून शेजारी हीटर लावतो.

शक्य असेल तर कूलर काढून गच्चीवर झाकून ठेवा आणि खिडकी लावून घ्या. काढता येत नसेल तर आधी टाकीतलं पाणी पूर्ण उपसा, ताट्या काढा. मग बाहेरून ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक तिन्ही बाजूंनी गुंडाळून दोरीनं बांधा. आतून पंख्याच्या भोकाच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर जुन्या साडीची दोन घड्यांची पट्टी चिकटवा आणि दाबून बसवा. कूलर आणि चौकटीच्या मधल्या फटींत जुने कपडे कोंबा. आम्हाला एक दुपार लागली आणि ताडपत्रीचे तीनशे रुपये. त्या रात्री आईच्या खोलीत पहाटे मोजलं, आदल्या दिवसापेक्षा तीन अंश जास्त होते, हीटर न लावता. बाहेरचं तापमान दोन्ही दिवशी सारखंच होतं.

दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी लावा. ज्या खोलीत गॅस किंवा काही जळतं, तिथला वरचा झरोका मात्र कधीच बंद करू नका.

आता दुपारच्या उन्हाचं. आपल्याकडे उन्हाळ्याची सवय म्हणून दुपारी पडदे ओढलेलेच असतात. हिवाळ्यात उलटं करा. सूर्य दक्षिणेकडून आणि खालून जातो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. अकरा ते चार खिडक्या-पडदे उघडे ठेवा, फरशी आणि भिंती तापू द्या. डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो, तेव्हा चार-साडेचारला सगळं बंद. आणखी तासभर उशीर केला तर मिळवलेलं सगळं जातं. आम्ही यासाठी आईच्या फोनवर चारचा गजर लावून ठेवला आहे.

अंथरूण

दुपारी बाराला रजई, गाद्या गच्चीवर. चारच्या आधी खाली. उन्हात कापसातला ओलावा जातो, कापूस फुगतो, आणि फुगलेल्या कापसात जी हवा अडकते तीच अंगाची ऊब धरून ठेवते. आई रजई उन्हातून आणली की लगेच घडी करून ब्लँकेटखाली दाबून ठेवते, रात्री नऊला पाय आत घातले तर खरोखर कोमट लागते. जुनी, गठ्ठे झालेली रजई फेकू नका, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. नव्या जाड ब्लँकेटपेक्षा कमी पैशांत होते.

अंगाखालून येणारी थंडी आपण विसरतो. फरशीवर झोपत असाल तर खाली सतरंजी, वर गोधडी, मग गादी. डोक्याला टोपी आणि पायात मोजे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतले तिबेटी विक्रेते हिवाळ्यात आपल्या शहरात लोकरीचं दुकान मांडतात. तिथला एक जाड स्वेटर हीटरच्या एका महिन्याच्या विजेपेक्षा स्वस्त पडतो आणि पाच वर्षं टिकतो.

हीटर लागलाच तर

घरात तान्हं बाळ आहे, आजारी माणूस आहे, लाट आली आहे, तर हीटर लावा. त्यात काटकसर करू नका. फक्त हिशेब माहीत असू द्या. २००० वॉटचा हीटर तीन तास, म्हणजे रोज ६ युनिट, महिन्याला १८०, बारानं गुणलं तर २१६० रुपये.

दुकानदार एका हीटरला "वीज वाचवणारा" म्हणून विकेल, तर विश्वास ठेवू नका. रॉडचा, ब्लोअरचा, तेलाचा, कुठलाही घ्या, एका युनिटची उष्णता सारखीच. फरक आहे तो उष्णता कुठे जाते यात. रॉडचा हीटर समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो, म्हणून एकट्या माणसाला एक रॉड, म्हणजे १००० वॉट, पुरतो. ब्लोअर हवा पटकन गरम करतो, लहान बंद खोलीला बरा. तेलाचा सावकाश तापतो पण बंद केल्यावरही ऊब धरतो आणि त्याला लाल तापलेली तार नसते, म्हणून लहान मुलांच्या खोलीत मला तोच योग्य वाटतो. कुठलाही असला तरी पडदा आणि पांघरुणापासून तीन फूट दूर, १६ अँपिअरच्या सॉकेटवर, एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नाही. झोपताना बंद.

आईसाठी आम्ही शेवटी हे केलं. कूलर झाकला, झोपायच्या आधी अर्धा तास एक रॉड, आणि अंथरुणात विजेचं ब्लँकेट. ते १०० वॉटचं आहे. झोपण्याआधी तासभर लावून अंथरूण तापवायचं आणि मग बंद करायचं. हीटर आणि ब्लँकेट मिळून रोज ०.६ युनिट. ६ च्या जागी. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी. मधुमेह असलेल्यांनी पिशवी आणि ब्लँकेट दोन्ही जपून वापरावं, पायाची संवेदना कमी झालेली असते आणि भाजलेलं कळत नाही. पिशवीला नेहमी टॉवेल गुंडाळा.

उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचा विचार असेल तर थंड आणि गरम दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी आहे का ते विचारा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटमध्ये हीटरच्या जवळपास तिप्पट ऊब देतो. आपली थंडी त्याला जड जात नाही. केवळ हिवाळ्यासाठी मात्र तो घेऊ नये.

सूर्याचा मोठा खर्च कधी करावा

स्वतःची गच्ची असेल तर सौर बंब पहिला. १०० लिटरचा बंब रोज सुमारे ५ युनिटचं काम करतो. आपलं हिवाळी आभाळ स्वच्छ असतं, म्हणून नेमकं गरजेच्या दिवसांत तो उत्तम चालतो. तोंड दक्षिणेला, आणि शेजारच्या इमारतीची सावली सकाळी दहा ते तीनमध्ये पडत नाही ना, ते डिसेंबरात उभं राहून बघा. मे महिन्यातली पाहणी फसवते, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या, साफ करायला सोपा जातो. टाकी ते न्हाणीघर नळीला इन्सुलेशनचा फोम गुंडाळायला सांगा, बसवणारे हमखास टाळतात.

वर्षभराचं बिल मोठं असेल, उन्हाळ्यात एसी चालत असेल, तर सौर पॅनेल. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किलोवॉट व त्यावर ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. एका किलोवॉटमधून दिवसाला साधारण ४ युनिट निघतात. हिवाळ्यात घराचा वापर कमी असतो तेव्हा जास्तीची युनिट नेट मीटरमध्ये जमा होतात. पॅनेल असलं तरी गिझर दोन तास चालू ठेवायची मुभा मिळत नाही, ती युनिट मार्चमध्ये कूलरला लागणार असतात.

फेब्रुवारीतली कामं

फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटेची थंडी ओसरते. तेव्हा गिझरचा मुख्य स्विच बंद करा, गिझरवरचं बटण नाही, भिंतीवरचा. क्षार काढायचं काम याच वेळी सांगा, दिवाळीनंतर मेकॅनिक मिळत नाही. हीटरची जाळी पुसून खोक्यात ठेवा. ताडपत्री काढा, वाळवा, घडी करून गच्चीच्या खोलीत ठेवा आणि पुठ्ठ्याच्या मागे कुठल्या खिडकीचा आहे ते लिहा. आमच्या पुठ्ठ्यावर मुलीनं स्केचपेननं "आजीची खोली" असं लिहिलं आहे. यंदा तो तिसऱ्यांदा लागला. जानेवारीचं बिल २१२ युनिटचं आलं.